तीन सर्टिफिकेटं आणि एक सायकल

माझ्याकडे सुरक्षित वाहन चालवण्याची तीन सर्टिफिकेटं आहेत. खोटं नाही सांगत. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला (आता तो महिनाभर चालतो) की ऑफिसातून एचआरची मेल येते. लिंकवर जायचं, नाव टाकायचं, मी वाहतुकीचे सगळे नियम पाळीन आणि जबाबदारीने गाडी चालवीन अशा अर्थाच्या दोन ओळींखाली टिक करायचं, की लगेच सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट डाउनलोड. एकूण वेळ पंचवीस सेकंद. २०२१, २०२२ आणि २०२३ ची अशी तिन्ही सर्टिफिकेटं माझ्या लॅपटॉपवर 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये पडून आहेत, गॅसच्या पावत्या आणि एका जुन्या रिझ्युमेच्या शेजारी.

तिसरं सर्टिफिकेट घेतल्यावर दहा महिन्यांनी मी एका माणसाला गाडीने पाडलं.

हे इथे लिहावं की नाही ह्या विचारात बरेच विकेंड गेले. नेहमी मी इथे कोडबद्दल, ट्रेकबद्दल, फार तर मिसळीबद्दल लिहितो. पण गेल्या आठवड्यात एचआरची यंदाची मेल आली आणि म्हटलं, आता लिहूनच टाकू.

तर झालं असं. नोव्हेंबर २०२३. लॉकडाऊनपासून मी नाशिकहूनच काम करतो, पंधरा दिवसांतून एकदा पुण्याला ऑफिसात तोंड दाखवायचं. त्या दिवशी रिलीज होता. दुपारी बँकेचं काम उरकून त्र्यंबक रोडने घरी निघालो होतो. पावणेसहाची वेळ, सातपूरच्या कारखान्यांच्या जनरल शिफ्ट सुटलेल्या, रस्त्यावर सायकली आणि मोटरसायकली. उजेड होता अजून. वेग पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे माझ्या मते 'हळू'. फोन शेजारच्या सीटवर होता. तो थरथरला, स्क्रीन उजळली, आणि बिल्ड फेल झाल्याचा मेसेज दिसला. मी उचललासुद्धा नाही हो फोन. नुसतं वाचलं. कुठलं मॉड्यूल, कोणाचं कमिट, एवढंच.

वर बघेपर्यंत डाव्या आरशाचा 'खट्' असा आवाज झाला होता.

नंतर हिशोब केला. (आपल्या जमातीला काही झालं की आधी हिशोब सुचतो.) ताशी पंचेचाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. मेसेज वाचायला तीन सेकंद लागले असं धरलं तर गाडी साडेसदतीस मीटर गेली. क्रिकेटचं पिच वीस मीटरचं. म्हणजे जवळजवळ दोन पिचं लागोपाठ, भर सातपुरात, शिफ्ट सुटायच्या वेळेला, मी डोळे मिटून गाडी चालवली.

सायकलवर एक पन्नाशी ओलांडलेले काका होते. डबा लावलेली पिशवी हँडलला. आरसा त्यांच्या कोपराला लागला आणि ते डांबराच्या कडेवरून खाली मुरमात पडले. मी थांबलो, उतरलो, पाय लटपटत होते. चार-पाच लोक जमले. आणि मग जे झालं ते मला अजून नीट पचलेलं नाही. लोक त्यांच्यावरच ओरडले. "ओ मामा, कडेनं घ्या ना सायकल!" एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "जाऊ द्या हो दादा, तुमची काय चूक, हे लोक असेच मधे येतात." आणि ते काका, खांदा धरून बसलेले, मला म्हणाले, "माझंच चुकलं साहेब. सायकलला लाइट नाही माझ्या."

उजेड होता, मी सांगितलं ना वर. लाइटचा प्रश्नच नव्हता.

मी काही बोललो नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, नक्की माहीत नाही. त्यांना गाडीत घेतलं, एक रिक्षावाला मदतीला पुढे आला, त्याने सायकल उचलून एका टपरीमागे ठेवली, आम्ही दवाखान्यात गेलो. कॉलर बोन मोडलं होतं. सहा आठवडे हात गळ्यात. पोलिसांत नोंद, इन्शुरन्स, ते सगळं रीतसर झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. काका कंत्राटी कामगार, म्हणजे सहा आठवडे घरी बसलं की सहा आठवड्यांचा पगार नाही. तो मी दिला. पैसे देणं हा त्यातला सोपा भाग होता, खरं सांगतो.

अवघड भाग दुसऱ्या दिवशी. मी भेटायला गेलो आणि सांगितलं की काका, चूक तुमची नव्हती, मी फोन बघत होतो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. पण तुम्ही गाडीत होता ना."

ह्या वाक्यावर मी एक अख्खा निबंध लिहू शकतो, पण नको.

आता मुद्द्यावर येतो. माझी ती तीन सर्टिफिकेटं खोटी होती का? टिक करताना मी खोटं बोलत होतो का? अजिबात नाही. दर वेळी मनापासून केलं होतं. किंबहुना त्या संध्याकाळी पावणेसहा वाजता कोणी मला विचारलं असतं की तू जबाबदारीने गाडी चालवतोस का, तर मी 'हो' म्हणालो असतो. आणि घोळ तिथेच आहे. क्लायंटने 'सिस्टिम फास्ट असावी' असं लिहून दिलं तर आपण ते चालवून घेतो का? लगेच विचारतो, फास्ट म्हणजे किती? किती युजर असताना? कोण मोजणार, कशावरून ठरवणार? ज्याची टेस्ट केस लिहिता येत नाही ती रिक्वायरमेंट नव्हेच, ती सदिच्छा. "मी जबाबदारीने गाडी चालवीन" ही गेली तीन वर्षं माझी सदिच्छा होती, आणि ती कधीच फेल झाली नाही, कारण तिला फेल व्हायची सोयच नव्हती. दुसऱ्या कोणाला ती मोडलेली दिसली नसती. आणि मोडायचा क्षण आला तेव्हा ठरवणाराही मी, सवलत देणाराही मी, आणि सवलत फक्त तीन सेकंदांची.

मला वाटतं गाडी चालू झाल्यावर घेतलेला कुठलाही निर्णय भरवशाचा नसतो. जे काही ठरवायचं ते चावी फिरवायच्या आधी, आणि ते इतकं बारीक असलं पाहिजे की तुम्ही मोडलंत तर घरातल्या शेंबड्या पोरालाही कळावं.

नाशिककरांना ह्याचं एक छान उदाहरण आठवत असेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पांडेय ह्यांनी शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं होतं. कल्पना म्हणून मला ती आवडली होती, अजूनही आवडते. सिग्नलला पकडण्यापेक्षा टाकी भरायच्या आधी विचारायचं. पण पंपावर काय चाललं होतं ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या माणसाचं हेल्मेट घ्यायचं, पेट्रोल भरायचं, परत द्यायचं, "थँक्यू भाऊ" म्हणून बोडक्या डोक्याने निघून जायचं. एकच हेल्मेट चार डोक्यांवरून फिरताना बघितलंय मी. माझा एक मित्र तर हेल्मेट आरशाला अडकवूनच फिरायचा, फक्त पंपावर डोक्यात. पुढे हेल्मेट नसलेल्यांना पकडून नाशिक फर्स्टच्या ट्रॅफिक पार्कात दोन तास समुपदेशनालाही बसवलं जायचं. तो तिथेही जाऊन आला. "चांगलं समजावतात रे," म्हणाला. तिथून बाहेर पडताना हेल्मेट होतं. आठवड्याने परत आरशाला.

आपण सगळे हसलो तेव्हा. व्हॉट्सअ‍ॅपवर जोक फिरले. पण त्या मित्राच्या आणि माझ्या वागण्यात फरक काय होता? त्याने हेल्मेट दाखवण्यापुरतं घातलं, मी सर्टिफिकेट दाखवण्यापुरतं घेतलं. त्याचं निदान उघड होतं.

आणि हे शहर काही अपघात न बघितलेलं नाही. २८ जानेवारी २०२०, देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ एसटी आणि रिक्षाची धडक होऊन दोन्ही रस्त्याकडेच्या विहिरीत गेली, २६ माणसं गेली. ८ ऑक्टोबर २०२२, कोजागिरीच्या आदल्या दिवशी पहाटे, यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस नांदूर नाक्याजवळ मिरची हॉटेलच्या चौकात ट्रकला धडकली आणि पेटली. बारा जण गेले, झोपेत. त्या सकाळी नाशिकमधल्या प्रत्येक घरात टीव्ही चालू होता. १३ जानेवारी २०२३, सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पाथरेजवळ अंबरनाथकडून शिर्डीला निघालेल्या भाविकांची बस आणि ट्रक, दहा मृत्यू. त्या आठवड्यात रस्ता सुरक्षा सप्ताहच चालू होता. माझ्या तिसऱ्या सर्टिफिकेटवर त्याच आठवड्यातली तारीख आहे, परवा मुद्दाम उघडून बघितली.

ह्या बातम्या वाचताना आपण काय म्हणतो? ट्रकवाले बेफाम असतात. ट्रॅव्हल्सवाल्यांना झोप नसते. ड्रायव्हर प्यायलेला असणार. म्हणजे 'ते'. आपण चहाचा कप ठेवतो, कारची चावी घेतो आणि निघतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली महाराष्ट्रात पंधरा हजारांहून जास्त. साधारण सत्तर टक्के मृत्यूंच्या मागे कारण म्हणून अतिवेग नोंदवलेला आहे. हेल्मेट न घातलेले पन्नास हजार, त्यातले चौदा हजारांहून जास्त मागे बसलेले. इतके सगळे ट्रकवाले आणि ट्रॅव्हल्सवाले कुठून येणार? ह्यात भरपूर 'आपण' असणार. एसी लावून, गाणी लावून, ईएमआय भरून गाडी चालवणारे आपण.

इथे एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, कारण मी स्वतःच तो दहा वेळा घेतलाय. आधी रस्ते नीट करा! खड्डे बुजवा, द्वारका सर्कलचं काहीतरी करा, मग आम्हाला शहाणपण शिकवा. ह्यात तथ्य आहे, आणि थोडंथोडकं नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' नावाचं धोरण मंजूर केलं, त्याचा गाभाच हा की माणूस चुकणारच, तेव्हा चूक झाली तरी जीव जाऊ नये असा रस्ता बांधण्याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्याची. आपल्या भाषेत सांगायचं तर युजर चुकीचा इनपुट देणारच, सर्व्हर कोसळता कामा नये. इतकं लांब कशाला, आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ पासून 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर'चं काम झालं. उघडी कठड्याची टोकं झाकली, धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त केल्या, वेगावर लक्ष ठेवलं. २०१६ मध्ये वर्षाला दीडशेच्या आसपास मृत्यू होते, २०२० पर्यंत ते निम्म्याच्याही खाली आले. (२०२० मध्ये लॉकडाऊन होता हे मान्य, पण आकडा त्याच्या आधीपासूनच उतरत होता.) नाशिकमध्येही २०२५ च्या जानेवारीत द्वारकाच्या उड्डाणपुलावर लोखंडी सळया भरलेल्या ट्रकवर मागून टेम्पो आदळला आणि निफाडहून परतणारी तरुण पोरं गेली. बाहेर लोंबणाऱ्या सळया अंधारात दिसाव्यात एवढी साधी व्यवस्था कोणीतरी करायला हवी होती, आणि ते काम रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या सद्वर्तनावर सोडून चालत नाही.

सगळं कबूल. पण माझ्या प्रसंगात त्र्यंबक रोडला त्या जागी एकही खड्डा नव्हता. रस्ता गुळगुळीत होता. मी आठवून आठवून बघितलं, महापालिकेवर ढकलता येईल असं काहीच सापडलं नाही! रस्ता सुधारेल तेव्हा सुधारेल, त्यासाठी भांडायलाही हवं, पण ते साडेसदतीस मीटर माझ्या नावावर आहेत.

मग मी काय केलं ते सांगतो. फार थोर काही नाही.

फोन डिकीत. ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये नाही, सीटखाली नाही, 'सायलेंट'वर नाही. डिकीत. पहिले पंधरा दिवस अंगावर काटा यायचा, रिलीजच्या दिवशी तर जास्तच. मॅनेजरला सांगितलं की मी गाडीत असलो की उपलब्ध नाही, स्टेटसवर वेळ लिहून ठेवीन. मला वाटलं तो कुरकुर करेल. तो म्हणाला, ओके. इतकी वर्षं मी ज्याची भीती बाळगून फोन मांडीशी ठेवत होतो, ते 'ओके' एवढंच होतं. मॅप लागणार असेल तर निघायच्या आधी बघून घ्यायचा, नाहीतर चुकायचं. दोनदा चुकलो. एकदा चाकणला चुकीच्या फाट्याने आत गेलो आणि पाऊण तास हिंडलो. तिथे एक फर्स्ट क्लास भेळ मिळाली, असो.

शुक्रवारी रात्री गाडी चालवायची नाही. पुण्यात काम करणाऱ्या नाशिककरांना हे वाचून हसू येईल. कारण शुक्रवार रात्र हाच आपला खरा हायवे. साडेआठला हिंजवडीतून निघायचं, चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या घालायच्या, नारायणगावला काहीतरी पोटात ढकलायचं आणि मग चंदनापुरी घाट उतरला की संगमनेर ते सिन्नर गाडी पळवायची. दिवसभर दहा तास स्क्रीनकडे बघितलेले डोळे, समोरून येणारे अप्पर लाइट, आणि गाडीत एकटे. मी सहा वर्षं हे केलं आहे. एकदा सिन्नरच्या अलीकडे मला जाग आली. नीट वाचा, जाग आली. म्हणजे त्याआधी काय होतं? किती सेकंद होतं? माहीत नाही. लॉगच नाही त्याचा. घरी पोचल्यावर आईने विचारलं, "दमलास का रे?" मी म्हटलं, नाही गं, आज तर पावणेचार तासांत आलो. ग्रुपवरही टाकलं. सतरा अंगठे आले.

आता पुण्याला जायचं तर पहाटे पाचला निघतो, नाहीतर सरळ एसटीची ई-शिवाई. संध्याकाळी काम लांबलं तर तिथेच मुक्काम. बायकोला आधी पटलं नाही. "मुलगी वाट बघते रे शुक्रवारी," म्हणाली. मग मी तिला ती सिन्नरची गोष्ट सांगितली, चार वर्षांनी. ती बराच वेळ बोलली नाही माझ्याशी. गाडी चालवताना झोप लागली म्हणून नाही, चार वर्षं लपवलं म्हणून.

हेल्मेट दूध आणायलाही. सोसायटीच्या गेटपासून डेअरी चारशे मीटर. पहिल्या दिवशी वॉचमनने विचारलं, "लांब निघालात का साहेब?" बाकी हेल्मेटबद्दल काय सांगायचं, सगळ्यांना सगळं माहीत असतं. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा असा की त्याने मृत्यूची शक्यता साधारण ४२ टक्क्यांनी कमी होते आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी. आपल्यापैकी कोणी ४२ टक्के परतावा देणारा फंड सोडला असता का?

मागच्या सीटवरचा बेल्ट हे मात्र महाभारत. आईचं म्हणणं, साडी चुरगळते, गुदमरायला होतं, आणि मागे कशाला हवा? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्या दोघांचाच मृत्यू झाला, पुढचे दोघे वाचले. हे आईला सांगून झालं. गाडी केवढी महागडी होती तेही सांगितलं. "ते मोठे लोक रे," असं काहीतरी म्हणाली. शेवटी मी वाद घालणं सोडलं. गाडीत बसलो, चावी हातात धरली आणि गप्प बसलो. वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला निघालो होतो, आरतीची वेळ गाठायची होती. चार मिनिटांनी मागून 'टक्' असा आवाज आला. गडावरून उतरताना वळणावळणांवर तीच म्हणाली, "बरं वाटतं रे ह्याने, सरकायला होत नाही."

आता राहिला कोण तपासणार हा प्रश्न. स्वतःचा कोड स्वतःच अप्रूव्ह करायचा नसतो, तेव्हा मी हे काम बाबांना दिलं. बाबा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत. तिथे एक कागद जरी इकडचा तिकडे झाला तरी हिशोब लागेपर्यंत घरी जाता येत नसे, असं ते सांगतात. त्यांना हे काम देणं म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. त्यांनी एक २०० पानी वही केली. निघालो की फोन कुठे आहे ते ते स्वतः येऊन बघतात. निघायची वेळ, पोचायची वेळ. पोचलो की डिकीतून फोन काढून पहिला फोन त्यांना. ते अंतर भागिले वेळ करतात. एकदा मी दहा मिनिटं लवकर पोचलो तर संध्याकाळी विचारलं, "सिन्नर बायपासला किती होता काटा?" मी म्हटलं ऐंशी. "मग गणित जुळत नाही." जुळत नव्हतंच. शंभरला गेलो होतो काही वेळ. साठवरून ऐंशीला जाताना धडकेची ताकद जवळजवळ पावणेदोनपट होते, वेगाचा वर्ग असतो ना, तो. ऐंशीवरून शंभरला अजून दीडपट. हे मी बारावीत शिकलोय, बाबा तर अकरावीच्या मॅट्रिकचे. त्यांनी वहीत लाल पेनाने '१००' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

माझा पुण्याचा जुना रेकॉर्ड तीन तास पन्नास मिनिटं होता, रात्रीचा. आता साडेचार तास लागतात, एक चहा धरून. म्हणजे प्रत्येक फेरीला चाळीस मिनिटं 'वाया' जातात. पूर्वी ती वाचलेली चाळीस मिनिटं मी काय करायचो ह्याचा प्रामाणिक विचार केला. सोफ्यावर पडून फोन बघायचो.

मित्रांमध्ये माझी थोडी टर उडते. डिसेंबरात शाळेच्या ग्रुपचं गेट-टुगेदर गंगापूर धरणाकडे होतं, वाइनचं शहर म्हणून आपण मिरवतो तर वाइन होतीच. परत निघताना दोघांच्या चाव्या मागितल्या तर एक जण म्हणाला, "दोन ग्लासांनी काय होतंय, आणि तू कधीपासून आरटीओ झालास?" एकाने चावी दिली. दुसऱ्याने नाही दिली, गेला तसाच. सुखरूप पोचला. आणि पोचल्यावर ग्रुपवर 'पोचलो बघ' असं लिहिलं, माझ्या नावाला टॅग करून. मला काही उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. मीही सिन्नरहून सुखरूप पोचलो होतो की.

मी सुधारलो असं कृपा करून समजू नका. वहीत आजपर्यंत लाल पेनाच्या अकरा नोंदी आहेत. त्यातल्या दोन फोनच्या. एकदा मुलीला शाळेत ताप आला होता आणि कळवायला फोन येणार होता, तेव्हा मी फोन पुढे घेऊन बसलो. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि तरी लाल पेनानेच लिहिलं. मी म्हटलं, बाबा, हे तर कारण होतं ना? ते म्हणाले, "कारण शेजारी लिहिलंय की. वाच."

काका परत कामावर जातात. महिन्या-दोन महिन्यांनी एबीबी सर्कलच्या बाजूला दिसतात, त्याच वेळेला. खांदा थंडीत दुखतो म्हणाले. त्यांनी सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर लावून घेतलाय. मी दिवा घेऊन देतो म्हटलं होतं, तर म्हणाले नको, मुलाने लावला हा. तो रिफ्लेक्टर बघितला की मला अजून कसंसंच होतं, कारण लाइट नव्हता म्हणून काही झालं नव्हतं हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत आहे.

असो. यंदाची एचआरची मेल अजून तशीच पडली आहे. शुक्रवारी मॅनेजरचा मेसेज आला की टीममध्ये सगळ्यांनी प्रतिज्ञा घेतली आहे, एकच नाव पेंडिंग आहे, प्लीज करून टाक, डॅशबोर्ड हिरवा होऊ दे. त्याला वहीच्या एका पानाचा फोटो काढून पाठवावा का, असा विचार करतोय. बाबा परवानगी देतील असं वाटत नाही. :)

बघू सोमवारी. आत्ता दूध आणायला खाली आलो होतो आणि हेल्मेट वर राहिलंय. लिफ्ट बंद. तीन मजले.